परीक्षक गिऱ्हाईक नसतो



विद्यापीठांत भरणाऱ्या बिझनेस प्लॅन स्पर्धांवर बोला, असं मला सांगितलं, तेव्हा वाटलं होतं की समोर फक्त विद्यार्थी असतील. आज पाहतो तर निम्मे पालक आहेत. मुलांना जाणून घ्यायचं आहे की बक्षीस कसं मिळतं. पालकांना जाणून घ्यायचं आहे की या नादात सेमिस्टर तर जाणार नाही ना. मी दोघांच्याही प्रश्नाला थोडी बगल देणार आहे, कारण मला वाटतं, स्पर्धेत उतरावं जरूर, पण वेगळ्याच कारणासाठी.

ही प्रथा तशी जुनी नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात एमबीएच्या विद्यार्थ्यांनी ती सुरू केली. कायद्याच्या कॉलेजात मुलं अभिरूप न्यायालय भरवतात, खोट्या खटल्यावर खरा युक्तिवाद करतात; मग आपण कंपनी तशी का उभी करू नये, हा त्यांचा विचार. १९९० मध्ये एमआयटीनं दहा हजार डॉलरची स्पर्धा काढली, ती १९९६ मध्ये पन्नास हजारांची आणि २००६ मध्ये एक लाखाची झाली. आपल्याकडे पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांच्या ई-सेलनं, म्हणजे उद्योजकता कक्षानं, १९९८ मध्ये ‘युरेका’ ही स्पर्धा सुरू केली. आता तर तालुक्याच्या कॉलेजातही फ्लेक्स लागतो.

त्याच १९९८ साली एमआयटीत काय घडलं, ते जरा सावकाश सांगतो. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली तेव्हा एमआयटीतच होते. एकाच वेळी लाखो लोक एका संकेतस्थळावर आले की ते कोलमडतं, याला उपाय काय, हा प्रश्न त्यांनी काही वर्षांपूर्वीच तिथल्या संशोधकांपुढे टाकला होता. गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी त्यावर उत्तर शोधलं. लेविन इस्राएलच्या सैन्यात काम करून आलेला, बायको-मुलं असलेला, पैशांची कायम ओढाताण असलेला. पन्नास हजारांची स्पर्धा त्याच्या डोळ्यांत भरली, यात नवल नाही. मॅनेजमेंट शिकणारे विद्यार्थी त्यांच्याबरोबर आले आणि संघ अंतिम फेरीपर्यंत पोचला. तिथे हरला.

जिंकला तो ‘डायरेक्ट हिट’ नावाचा संघ. लोक कोणत्या दुव्यावर अधिक क्लिक करतात, ते पाहून शोधाचे निकाल लावायचे, ही त्यांची कल्पना. हरलेल्या संघानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनी नोंदवली, तिचं नाव अकामाई. २९ ऑक्टोबर १९९९ ला तिचा शेअर २६ डॉलरला बाजारात आला आणि त्याच संध्याकाळी १४५ डॉलरवर बंद झाला.

ही गोष्ट बहुतेक वक्ते इथेच थांबवतात आणि परीक्षकांना हसतात. मला ते अप्रामाणिक वाटतं. २००० च्या सुरुवातीला ‘आस्क जीव्ज’नं डायरेक्ट हिट घेतली, सुमारे पन्नास कोटी डॉलर किमतीचे शेअर देऊन. म्हणजे परीक्षक चुकले का? त्या दोन वर्षांपुरते मुळीच नाही. पुढे डॉट-कॉमचा फुगा फुटला, डायरेक्ट हिट बंद पडली. अकामाईचा शेअरही २००२ मध्ये एका डॉलरच्या खाली गेला होता. लेविन तर त्याच्या आधीच, ११ सप्टेंबर २००१ च्या विमानात मारला गेला. कंपनी मात्र टिकली आणि आज आपण फोनवर व्हिडिओ पाहतो, त्यामागे अशाच तंत्राचा हात असतो. हे सगळं १९९८ च्या त्या खोलीत कुणाला दिसणार होतं? परीक्षकाला धूसर विचार ओळखता येतो. दहा वर्षांनंतरचा बाजार त्यालाही दिसत नाही. आणि तो तुमचा माल विकत घेणार नसतो, हे तर आपण विसरूनच जातो.

हार्वर्डचे प्राध्यापक विल्यम सालमन यांनी १९९७ मध्ये लिहून ठेवलं की, नवा उद्योग चालेल की नाही हे सांगण्यात बिझनेस प्लॅनला दहापैकी दोनच गुण द्यावेत. योजना जितकी सजवलेली, तितका धोका जास्त, असंही त्यांचं म्हणणं. परीक्षक म्हणून माझा अनुभव तोच आहे. “बाजारपेठ हजार कोटींची, आम्ही फक्त एक टक्का घेणार” हे वाक्य स्लाइडवर आलं की मी पेन खाली ठेवतो. तो एक टक्का कोण देणार, त्याचं गाव कोणतं, दुकान कोणतं?

मग प्लॅन लिहायचाच कशाला? आकडा कुठे खोटा आहे ते कळावं म्हणून. समजा, कुडाळच्या चार मुलांनी अमृत कोकम पुण्याच्या दुकानांत विकायचं ठरवलं. महिन्याला २,००० बाटल्या, बाटलीमागे ३० रुपये सुटतात, म्हणजे महिन्याचा नफा ६०,०००. तक्ता झकास दिसतो, परीक्षक मान डोलावतात. पण कोकम पिकतं एप्रिल-मेमध्ये. पाऊस लागायच्या आत फळं घेऊन, फोडून, साखर भरून ठेवायची, ती वर्षभराची. २४,००० बाटल्यांसाठी फळ आणि साखर मिळून बाटलीमागे ४० रुपये धरले, तर मेअखेर ९,६०,००० रुपये अडकले. विक्री सुरू व्हायची आहे, पुण्याचा दुकानदार पैसे देणार ४५ दिवसांनी, आणि न खपलेल्या बाटल्या परत करणार. कागदावर नफा आहे आणि खात्यात खडखडाट. मुलांना हे घरी बसून सुचत नाही, कारण घरी कुणी विचारत नाही. स्पर्धेची शेवटची तारीख जवळ आली, बारा महिन्यांचा रोकड तक्ता भरायला बसलं, की मे महिन्याचा रकाना आपोआप बोलू लागतो. त्या एका रकान्यासाठी मी प्रवेश फी भरायला तयार आहे.

जिंकणाऱ्यांचंही एक उदाहरण देतो. बिहारमध्ये पश्चिम चंपारणातल्या तमकुहा गावात १५ ऑगस्ट २००७ ला भाताच्या तुसावर वीज करणारा पहिला संच सुरू झाला. ती हस्क पॉवर. संस्थापकांपैकी दोघे पुढे व्हर्जिनिया विद्यापीठात शिकत असताना स्पर्धांत उतरले आणि २००८ मध्ये त्यांनी बक्षिसं मिळवली. क्रम लक्षात घ्या. आधी गावात दिवे लागले, मग परीक्षकांपुढे उभे राहिले. वीज घेणारं गाव दाखवता येत होतं, म्हणून त्यांच्या तक्त्याला वजन होतं. तुमच्याकडे गाव नसेल तर वीस गिऱ्हाइकांची यादी तरी असू द्या, आणि त्यात मावशी-काका नकोत.

आता दोन रुक्ष गोष्टी, ज्या पत्रकावर छापलेल्या नसतात. तुमच्या कल्पनेत पेटंट घेण्याजोगं काही असेल तर भर सभेत ते उघड करण्याआधी तात्पुरता अर्ज दाखल करा. पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. आपल्या पेटंट कायद्यात आधी जाहीर केलेल्या शोधाला सवलत आहे, पण ती सरकारनं अधिसूचित केलेली प्रदर्शनं किंवा विद्वत्सभेतला निबंध अशा मोजक्याच प्रसंगांना. कॉलेजच्या गॅदरिंग हॉलमधली फायनल त्यात बसेल, या भरवशावर राहू नका. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम केलं असेल तर हक्क कुणाचा, तेही आधीच लेखी विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट भागीदारीची. चौघांपैकी दोघांना नोकरीची ऑफर आलेली असते, एकीला बाहेर शिकायला जायचं असतं, आणि चौथा धंदा करणारच म्हणतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. कोण राहणार, कोणाचा वाटा किती, सोडून जाणाऱ्याचं काय, हे फायनलच्या आधी एका कागदावर उतरवून चौघांनी सह्या करा. निकालानंतर ते जमत नाही. जिंकलात तर चेक कुणाच्या खात्यात भरायचा, इथूनच वाद सुरू होतो. आणि हरलात तर तो कागद करायला सगळे एकत्र जमतच नाहीत.