घरची तूर, घरची मेहनत

किन्हीराजा, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम इथल्या बचत गटांकडून आम्ही बोलतो आहोत.

अर्थशास्त्र म्हटलं की वाटतं, हा कॉलेजचा विषय. पण गटाच्या बैठकीत कुणी विचारलं, "हा धंदा परवडते का?" की अर्थशास्त्र सुरू झालंच. आज आपण ते डाळीच्या हिशोबातून शिकू.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली मिनी डाळ मिल आपल्या भागात ओळखीची आहे. त्यामुळे गटापुढे प्रश्न येतो, तूर तशीच विकायची की डाळ करून? भाव रोज बदलतात, म्हणून समजायला सोपे आकडे घेऊ.

समजा, एक क्विंटल तुरीची 70 किलो डाळ निघाली. किलोला 130 रुपयांनी 9,100 रुपये आले. चुनीचे 300 धरून 9,400 झाले. भरडाई 500, तेल, पाकिटं आणि गाडीभाडं 400. उरले 8,500. वा! पण थांबा. तुरीचे पैसे कुठे धरले?

"घरचीच तूर आहे, तिचा काय हिशोब?" असं आपण म्हणतो. पण तीच तूर बाजारात नेली असती तर समजा 7,500 रुपये मिळाले असते. डाळ करताना ते सोडले. याला अर्थशास्त्रात संधी खर्च म्हणतात. तो वजा केला की हाती उरतात 1,000.

आता शेवटचा रकाना. निवडणं, तेल-पाणी लावणं, वाळवणं, पाखडणं, पाकिटं भरणं, हे कुणी केलं? आपणच. 40 तास लागले, म्हणजे आठ तासांचे पाच रोज. रोजी 250 धरली तर 1,250 रुपये. म्हणजे 250 रुपयांची तूट! पैसा हाती दिसतो, पण तो आपल्या रोजीपेक्षा कमी असतो.

आपली मेहनत धरणं हा हट्ट नाही. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोगही पिकाच्या खर्चात घरच्या माणसांच्या मजुरीची किंमत धरतो. 2025-26 साठी सोयाबीनचा असा खर्च क्विंटलला 3,552 रुपये धरला गेला आणि हमीभाव त्याच्या दीडपट, 5,328 रुपये ठरला. दिल्लीच्या हिशोबात घरची मजुरी बसते, तर आपल्या वहीत का बसू नये?

पण 40 तास हा आकडा आला कुठून? एका खेपेवरून ठरवू नका. पाच खेपांची नोंद ठेवा. समजा तास असे आले: 32, 34, 36, 38 आणि 60. बेरीज 200, सरासरी 40. आकडे चढत्या क्रमानं मांडले तर मधला येतो 36. सरासरी आणि मधला आकडा यांत फरक दिसला की विचारायचं, कोणती खेप वेगळी आहे? 60 तासांची. का? ढगाळ हवेत डाळ वाळली नाही.

इथंच वहीचा फायदा. ढगाळ दिवसांत डाळ घालायची नाही, एवढं ठरवलं तर तास 36 च्या आसपास येतात आणि तूट 125 रुपयांवर येते. किलोमागे 2 रुपये वाढवले तर 140 रुपये मिळतात आणि तूट भरून निघते. आणखी एक गोष्ट. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत रोजी सोडून डाळ करणं महाग पडतं. उन्हाळ्यात शेतात काम नसतं, तेव्हा तीच मेहनत डाळीत घालणं परवडतं. काम तेच, पण हंगामाप्रमाणं त्याचं मोल बदलतं.

यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. वहीच्या पानावर सहा रकाने आखा: तारीख, माल, बाजारभाव, रोख खर्च, तास, विक्री. तास त्याच दिवशी लिहा, महिन्याअखेरीस आठवून लिहिलेले तास चुकू शकतात. गटातल्या शिकणाऱ्या मुलीकडून हाच तक्ता मोबाइलवर करून घ्या, बेरीज आपोआप होते. पण आकडे वाचायचे सगळ्याजणींनी मिळून.

डाळ, पापड, शेळी, शिलाई, धंदा कोणताही असो. कर्जाचा ठराव लिहिण्याआधी तासांचा रकाना भरलेला आहे का, एवढं बघा. येत्या बैठकीत हे एक पान आखूनच उठा.