पंप खोलण्याआधी डिझेलची वाट तपासा
(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून भावाची चर्चा झाली, बाजार समितीची झाली. आता कार्यकर्त्यांनी मला सांगितलंय की गाडीवर बोला. शेतकी पदवीच्या माणसानं इंजिनावर काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. पण माल पिकवून भागत नाही, तो बाजारात न्यावा लागतो. आणि तिथंच आपण नागवले जातो.

आपल्या गटांकडे जे ट्रक आहेत ते बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या हातचे. टाटाची १२१० म्हणा, लेलँडची कॉमेट म्हणा. हौस म्हणून कुणी जुनी गाडी ठेवत नाही. मालाच्या भावात नव्या गाडीचा हप्ता बसत नाही म्हणून ठेवतो. मग रात्री दहाला कांदा भरून होतो, पहाटे निघायचं असतं, आणि सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरतं, लागत नाही. सकाळचा लिलाव हुकतो. बंद गाडीवरचा माल कुठल्या भावानं मागतात, ते इथं बसलेल्यांना मी सांगायला नको.

अशा वेळी गॅरेजवाल्याचा पहिला शब्द ठरलेला: "पंप गेला." आमच्याकडच्या एका गटाचा पंप दोनदा उतरवला, दोनदा कॅलिब्रेशन केलं, दोनदा बिल भरलं. गाडी सकाळी लागेना ती लागेनाच. शेवटी फिल्टरच्या जोडावरचं तांब्याचं वायसर बदललं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या सेल्फला गाडी लागली. वायसरची किंमत दोन चहांची. पान पिवळं पडलं की दुकानदार युरियाची गोणी पुढं करतो आणि मुळाशी पाणी तुंबलंय ते कुणी बघत नाही, त्यातलाच हा प्रकार.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबानं ती तापते, तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा फवारा सोडतं आणि तो पेटतो. म्हणजे इंजिन जोरात फिरलं पाहिजे, हवा मिळाली पाहिजे आणि डिझेल पोचलं पाहिजे. फिरणं कमी पडलं तर हवा तापतच नाही. सेल्फ रडत फिरत असेल तर बॅटरीची टर्मिनलं खरवडा, आणि इंजिन-चेसिसमधली अर्थची पट्टी बघा. तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांवर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

इंजिन बरं फिरतंय पण लागत नाही, तर एकानं सायलेन्सरकडे बघावं. सेल्फ मारताना धूर अजिबात नाही, याचा अर्थ डिझेल आत जातच नाही. पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल जातंय पण पेटत नाही: थंडी असेल, कॉम्प्रेशन कमी असेल, टायमिंग हललं असेल. काळा धूर म्हणजे हवा कमी. एअर फिल्टर उघडून झटका. धूरच नसेल तर पाना हातात घेण्याआधी इंजिन बंद करायची वायर बघा. ती ओढलेल्या जागी अडकून राहते, पंप डिझेल सोडत नाही आणि आपण रात्रभर नट सोडत बसतो.

आता मुख्य गोष्ट, हवा धरण्याची. ही तुम्हाला शिकवायची गरज नाही, विहिरीवर तुम्ही ती रोज बघता. फूटव्हॉल्व्ह गळका असला की रात्रीत पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि सकाळी मोटर नुसती फिरते. पाइपात पाणी भरलं की पुन्हा चालते. गाडीचंही तेच. टाकी खाली, फीड पंप वर. मधल्या नळीला बारीक भेग असली, जोड ढिला असला, की रात्रीत डिझेल टाकीत परत जातं. सकाळी हँड प्राइमर मारला की गाडी लागते आणि दिवसभर बिनतक्रार चालते. हे लक्षण दिसलं की शंभरातले नव्वद वेळा दोष टाकी ते फीड पंप या टप्प्यात किंवा फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये असतो. या ओढीच्या बाजूला डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते, म्हणून गळती डोळ्याला दिसत नाही आणि दोष पंपाच्या माथी जातो.

खात्री करायची सोपी युक्ती अशी. पाच लिटरचा स्वच्छ कॅन डिझेल भरून पंपापेक्षा उंच टांगा, त्याची नळी सरळ फीड पंपाला जोडा, टाकीची नळी बाजूला ठेवा. एअर काढा: आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, बुडबुडे थांबेपर्यंत प्राइमर मारा. गाडी लागली आणि दुसऱ्या सकाळीही लागली, तर पंप निर्दोष आहे. टाकी, नळ्या आणि जोड तपासा, वायसर नवे घाला.

अर्धा तास चालून गाडी दम टाकत असेल तर टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय. काडीनं मोकळं करा.

पाणी आणि घाण हा दुसरा शत्रू. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्या काळात ज्यांच्या गाड्या अर्ध्या टाकीनं उभ्या राहिल्या, त्यांना याचा अनुभव असेल. रिकाम्या जागेतल्या हवेची वाफ थंड होऊन पाणी होतं आणि जड म्हणून तळाला बसतं. गाडी उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवा, लावण्याआधी तळाचा बोल्ट सोडून पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत बघा. बॅरलमधून घेताना तळाचं वीतभर सोडून द्या. बायोडिझेल म्हणून रस्त्याकडेला स्वस्तात जे विकतात ते जुन्या गाडीत घालू नका. त्यानं जुनं रबर फुगतं, टाकीतला गाळ सुटतो आणि फिल्टर बसतात. लिटरमागं वाचलेले रुपये तिथंच जातात.

दोन गोष्टी मात्र जिवाशी खेळण्याच्या आहेत. नोझल दोनशे किलोच्या आसपास दाबाला उघडतं. ट्रकच्या टायरात सातएक किलो असतात. त्या फवाऱ्यासमोर बोट धरलं तर डिझेल कातडीतून आत जातं. जखम टाचणीएवढी दिसली तरी तासाभरात दवाखाना गाठा, नाही तर बोट जातं. आणि एअर फिल्टरमध्ये पेट्रोल ओतून गाडी लावणारे मिस्त्री असतात, त्यांना गाडीला हात लावू देऊ नका.

एवढं करून गाडी चालते पण लंगडते, तर चालू इंजिनावर एकेका नोझलचा नट थोडा सोडा, नळीवर फडकं धरून. ज्या नटानं आवाज बदलत नाही ते सिलिंडर काम करत नाही. तेवढं एकच नोझल तपासायला द्या. हे फक्त जुन्या, साध्या पंपाच्या गाडीवर. कॉमन रेलच्या गाडीत दाब हजारावर असतो, तिथं नट सोडायचा नाही. पंप उतरवायचा तो यानंतर, आणि उतरवताना समोर उभं राहायचं.

जेवणानंतर मैदानात एका गटाची गाडी उभी करणार आहोत. तिनं एअर धरलेली आहे, सकाळी ढकलून आणली. प्रत्येक तालुक्यातून दोन पोरं पुढं या, पाने आणि वायसर आमच्याकडे आहेत. बायांपैकी ज्यांना शिकायचं त्यांनीही या, पहाटे गाडी अडली तर घरात ज्या आहेत त्यांनाच उठावं लागतं.