सरळ राहिलेलं लाकूड



संतसाहित्य, शेअर बाजार आणि मधुमेह यांवरच्या व्याख्यानांच्या पंगतीत आज पूल या खेळाचा क्यू येऊन बसला आहे, याबद्दल आधी संयोजकांचे आभार मानतो. विषय अगदीच परका आहे असं नाही. विल्सन जोन्स पुण्यात जन्मले आणि १९५८ साली कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. पंकज अडवाणीही जन्मानं पुण्याचाच. पण आज खेळाडूंना थोडं बाजूला बसवू. बोलायचं आहे ते त्यांच्या हातातल्या काठीबद्दल आणि ती घडवणाऱ्यांबद्दल. पूलचे हे कारागीर बहुतेक अमेरिकेतले.

सुरुवात सिनेमापासून करू, कारण क्यू बनवणाऱ्याचं नाव जगाला ठाऊक झालं ते सिनेमामुळेच. १९८६ साली मार्टिन स्कोर्सेसीचा ‘द कलर ऑफ मनी’ आला. त्यात पॉल न्यूमन तरुण टॉम क्रूझच्या हातात एक क्यू देतो आणि तो ‘बालाबुश्का’ आहे हे कळताच टॉम क्रूझचा चेहरा उजळतो. गंमत अशी, की पडद्यावरचा तो क्यू बालाबुश्का नव्हताच. खरा क्यू इतका मोलाचा, की चित्रीकरणात त्याला धक्का लागलेला परवडला नसता. म्हणून बाल्टिमोरमध्ये सुरू झालेल्या जॉस या कंपनीचा, दिसायला तसाच क्यू वापरला. जॉसवाल्यांचं काही बिघडलं नाही. त्यांच्या त्या क्यूला पुढे चांगली मागणी आली.

हे जॉर्ज बालाबुश्का मूळचे रशियातले. जन्म १९१२चा. १९२४ साली आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले. पेशानं सुतार, लाकडी खेळणी, मुलांचं फर्निचर असली कामं करायचे. करवतीच्या यंत्रात एक बोट गेलं, तर स्वतःसाठी प्लास्टिकचं हुबेहूब बोटही त्यांनी स्वतःच बनवलं! १९५९च्या सुमारास मित्रांना भेट द्यायला म्हणून क्यू करू लागले आणि तोच व्यवसाय झाला. १९७५ साली ते गेले. साऱ्या आयुष्यात त्यांच्या हातून हजार-बाराशे क्यू झाले असतील. तिकडे त्यांना क्यूंचे स्ट्रॅडिव्हेरियस म्हणतात. आपल्याकडे मिरजेच्या जुन्या तंबोऱ्याबद्दल जाणकार ज्या आवाजात बोलतात, त्याच आवाजात तिकडचे लोक बालाबुश्काबद्दल बोलतात.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून भक्तमंडळी जरा नाराज होतात. क्यूच्या मागच्या अर्ध्या भागाचा पाचरीनं जोडलेला कच्चा ठोकळा बालाबुश्का बराच काळ दुसऱ्यांकडून घेत असत. आधी ब्रन्सविक कंपनीचे ‘टायटलिस्ट’, मग शिकागोच्या बर्टन स्पेन यांचे, शेवटी पेनसिल्व्हेनियाच्या गस झांबोटी यांचे. झांबोटी स्वतः पुढे तितकेच नावाजले आणि त्यांचा मुलगा बॅरी याच कामात आला. मग बालाबुश्कांचं स्वतःचं काय? लाकूड पारखणं, पोलादी जोड, तोल, आयरिश लिननच्या दोऱ्याची मूठ आणि पुढचा दांडा. माझ्या मते थोरवीची जागा नेमकी तीच आहे. दिसणाऱ्या नक्षीचं काम वाटून देता येतं. न दिसणारं काम त्यांनी कुणाला दिलं नाही.

न दिसणारं म्हणजे काय ते जरा जवळून पाहू. क्यूचा पुढचा दांडा कठीण मेपलचा. आधी लाकडाचा इंचभर जाडीचा चौकोनी तुकडा घेतात. त्याच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात. मधेच बाजूला पळणारी रेष दिसली की तुकडा बाद. मग तो लेथवर चढवून गोल करतात. पण पातळ करत एका दमात शेवटापर्यंत नेत नाहीत. थोडं कातायचं आणि दांडा उभा टांगून ठेवायचा. लाकडाच्या पोटात ताण असतो. वरचा थर निघाला की तो ताण मोकळा होतो आणि लाकूड हलतं, कधी केसभर, कधी चांगलं वाकतं. आठवडे जाऊ द्यायचे, पुन्हा लेथवर घेऊन इंचाचे काही सहस्रांश कातायचे, पुन्हा टांगायचं. हे महिनोन्‌महिने चालतं, काहींकडे वर्षानुवर्षं. मधेच ज्यानं बाक दाखवला तो दांडा फेकायचा. भट्टीत वाळवून आठवड्यात तयार केलेला दांडा दुकानात तितकाच सरळ दिसतो. फरक पुढच्या पावसाळ्यात कळतो.

मागच्या भागावर टोकदार पाकळ्या दिसतात ना, त्या नुसती शोभा नव्हेत. मुठीचं जड लाकूड आणि पुढचं हलकं लाकूड एकमेकांत पाचरीसारखं रुतवायची ती जुनी पद्धत. चारही पाकळ्यांची टोकं एका उंचीवर संपली पाहिजेत. ठोकळा लेथवर किंचित तिरका बसला तरी एक टोक वर जातं, एक खाली राहतं. क्यू हातात घेऊन सावकाश फिरवा, कारागिराचा हात तिथे उघडा पडतो. हस्तिदंताच्या जडावकामावर मात्र मी वेळ घालवणार नाही. त्यानं किंमत वाढते आणि हत्ती कमी होतात. चेंडूला त्यातलं काही कळत नाही.

चेंडूला काय कळतं, हा खरा प्रश्न. क्यूचं चामड्याचं टोक, म्हणजे टिप, पांढऱ्या चेंडूला जेमतेम एक सहस्रांश सेकंद टेकते. हाताला झणका पोचेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे ‘काय सुरेख हिट आहे’ असं आपण म्हणतो, ती सगळी फटका झाल्यानंतरची बातमी! चेंडूवर ज्याचा हिशेबात धरावा असा परिणाम होतो ती गोष्ट वेगळीच आहे. पांढऱ्याला बाजूला मारून फिरकी दिली, की तो नेमाच्या रेषेतून थोडा विरुद्ध बाजूला सरकतो. किती सरकेल ते दांड्याच्या अगदी पुढच्या काही इंचांच्या वजनावर ठरतं. १९९०च्या दशकात फ्लोरिडातल्या प्रेडेटर कंपनीनं हेच धरलं. लाकडाच्या दहा फाका चिकटवून दांडा केला, त्याचं टोक आतून पोकळ ठेवलं, आणि चेंडूचं सरकणं कमी झालं. पुढे कार्बन फायबरचे दांडे आले. ते ओलाव्यानं वाकत नाहीत. कोकणात किंवा मुंबईच्या जुलैत खेळणाऱ्यानं त्यांना नाकं मुरडू नयेत.

मग जुन्या कारागिरांचं काय राहिलं? मला विचाराल तर बरंच राहिलं. चेंडू जास्त सरकतो की कमी, याची खेळाडू सवय करून घेतो. रोज वेगळा सरकला तर मात्र सवय होऊच शकत नाही. थोर क्यू तोच, जो वीस वर्षांनीही पहिल्या दिवसासारखाच वागतो. चांगल्या कारागिरानं लाकूड टांगून ठेवलेले महिने नेमके यासाठी खर्ची पडलेले असतात.

स्नूकरमधलं एक उदाहरण देतो, कारण याहून बोलकं मला सापडलं नाही. तिथे दांडा अ‍ॅशचा आणि टोक बारीक. स्टीफन हेंड्रीनं सातही जागतिक विजेतेपदं एकाच क्यूनं जिंकली. त्याची किंमत चाळीस पौंड. २००३ साली बँकॉकहून परतताना विमानप्रवासात तो मोडला. सात विजेतेपदांचा सोबती गेल्यावर माणूस संपलाच असं वाटावं. लंडनच्या जॉन पॅरिस यांनी नवा क्यू करून दिला आणि त्याच वर्षी हेंड्रीनं ब्रिटिश ओपन जिंकली. स्वस्त क्यूही पुरतो, असं यावरून कुणी म्हणेल. मी म्हणेन, चाळीस पौंडांचा तो क्यू नशिबानं सरळ राहिला, आणि पॅरिस यांनी तेच नशीब ठरवून घडवलं.

आता तुमच्यापैकी कुणी क्यू घ्यायला निघाला असेल तर त्याच्यासाठी चार शब्द. दुकानात टेबलावर क्यू लोळवून पाहतात, तेवढ्यावर थांबू नका. डोळ्याला लावून दांड्याच्या रेषेत बघा, फिरवून पुन्हा बघा, मग पाकळ्यांची टोकं बघा. जोड आवळल्यावर फट दिसली तर परत ठेवा. घरी आणल्यावर भिंतीला तिरका टेकवू नका आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नका. कुठल्याही कारागिराचं काम आपण एका दुपारी वाया घालवू शकतो. आणि पहिला खर्च टिपवर करा. ती चांगली बसवून घ्या, गोलाई नाण्याच्या कडेसारखी राखा, प्रत्येक फटक्याआधी चॉक लावा. पूल पार्लरमधला कुणाचाही क्यू एवढ्यानं सुधारतो. नक्षीदार क्यूचे पैसे त्यानंतर साठवायला घ्या.