ज्यास कोणीं हांक मारली नाहीं
(महोत्सवाच्या सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं आपण हिशेब मांडतों. बाप्तिस्मे किती झाले, लग्नें किती लागलीं, घंटा कोणीं दिली, वेदी कोणाच्या देणगीनें उभी राहिली, हें सर्व आपण अभिमानानें सांगतों, आणि तें योग्यच आहे. परंतु एक हिशेब आपल्या वह्यांत सांपडत नाहीं. ज्या मुलांचे बाप्तिस्मे येथें झाले, जीं प्रथम कम्युनियनच्या दिवशीं पांढरे कपडे घालून याच वेदीपुढें उभीं राहिलीं, आणि जीं पंधरा-सोळाव्या वर्षीं देवळाच्या पायरीवरून नाहींशीं झालीं, त्यांची गणती कोणीं केली आहे काय? आज आम्ही त्या मुलांविषयीं चार शब्द बोलूं इच्छितों.

त्याकरितां दूरच्या एका धर्मग्रामाची हकीकत सांगतों. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरांत बॉइल हाइट्स नांवाची वस्ती आहे. तेथें डोलोरेस मिशन हें एक गरिबांचें देऊळ आहे. १९८६ सालीं येशूसंघाचे फादर ग्रेगरी बॉइल त्या देवळाचे मुख्य धर्मगुरु झाले. त्या काळीं धर्मग्रामांत पिको गार्डन्स आणि अलिसो व्हिलेज या सरकारनें गरिबांसाठीं बांधलेल्या दोन मोठ्या वसाहती होत्या, आणि तेवढ्याशा जागेंत तरुणांच्या आठ टोळ्या एकमेकींशीं वैर करून राहत होत्या. तीं मुलें परकीं नव्हतीं. त्यांच्या आया त्याच देवळांत मिस्सेस बसत होत्या.

मुलगा टोळींत कां जातो? 'वाईट संगत' असें उत्तर आपण चटकन् देतों आणि निश्चिंत होतों. फादर बॉइल यांस दीर्घ सहवासानें निराळेंच दिसून आलें. टोळींत जाणारा मुलगा कांहीं मिळविण्यासाठीं जात नाहीं. तो कशापासून तरी पळत असतो. घरांत दारू व मारहाण, शाळेनें नांव काढून टाकलेलें, अशा मुलास कोपऱ्यावरचीं चार पोरें म्हणतात, 'तूं आमचा.' तेवढा एक शब्द त्यास पुरतो.

मित्रासाठीं मार खाणें, आपल्या घांसांतला घांस त्यास देणें, हे कांहीं दुर्गुण नव्हेत. निष्ठा हा सद्गुणच आहे. दाविद आणि योनाथान यांच्या मैत्रीची गोष्ट आपण मुलांस सांगतोंच. परंतु योनाथानाची निष्ठा बापाच्या वैराहून मोठी ठरली. टोळीची निष्ठा वैरावांचून जगूंच शकत नाहीं. आपल्या भावावरील प्रेमाचा पुरावा म्हणून ती दुसऱ्याच्या भावाचा जीव मागते. तो पुरावा दिला त्या दिवशीं बालपण संपतें. १९८८ सालीं फादर बॉइल यांनीं टोळ्यांच्या वैरांत मारल्या गेलेल्या पहिल्या तरुणाचें दफन केलें. पुढें अशीं दफनें दोनशेंहून अधिक झालीं. मोठेपणीं कोण व्हावें याचीं स्वप्नें पाहण्याच्या वयांत तीं मुलें आपली अंत्ययात्रा कशी निघावी याचे बेत करीत.

मग त्या धर्मग्रामानें काय केलें? शाळांनीं घालविलेल्या मुलांसाठीं शाळा हवी होती, पण जागा नव्हती. तेव्हां धर्मभगिनींनीं आपलें राहतें निवासस्थान रिकामें करून दिलें. टोळ्यांचीं मुलें आवारांत दिसूं लागतांच कित्येक भाविकांनीं कुरकुर केली कीं देऊळ गुंडांचा अड्डा झालें. त्यांस उत्तर दिलें तें तेथल्याच आयांनीं. प्रभु येशूनें जें केलें असतें तेंच येथें चाललें आहे, असें त्यांनीं ठासून सांगितलें.

आरंभीं फादर बॉइल टोळ्यांमध्यें तह घडवून आणीत. पुढें त्यांनीं तें सोडून दिलें. तहानें टोळीस मान मिळतो आणि त्या मानावर ती अधिकच पोसते, असें त्यांस कळून आलें. ते टोळीशीं बोलावयाचें सोडून एकेका मुलाशीं बोलूं लागले, त्यास काम देऊं लागले. १९९२ सालीं, शहरांत मोठी दंगल होऊन गेल्यावर, बंद पडलेल्या एका बेकरींत 'होमबॉय बेकरी' सुरू झाली, आणि वैरी टोळ्यांचीं मुलें एकाच भट्टीपाशीं उभीं राहून पाव भाजूं लागलीं.

या कार्यांत सांपडलेल्या दोन मुलांची गोष्ट फादर बॉइल यांनीं २०१० सालच्या आपल्या 'टॅटूज ऑन द हार्ट' या पुस्तकांत लिहिली आहे. दोघे वैरी टोळ्यांचे. एकत्र काम करणेंही प्रथम त्यांस जड गेलें. पुढें त्यांतील एकास मारेकऱ्यांनीं गांठून इतकें मारलें कीं तो इस्पितळांत मरणोन्मुख पडला. तेव्हां दुसऱ्यानें फादरांस फोन करून विचारलें, आपलें रक्त त्यास देतां येईल काय? ज्यास वैरी मानण्यास टोळीनें शिकविलें होतें, त्यास तो रडत रडत मित्र म्हणत होता. तो मित्र वांचला नाहीं.

आपल्याकडे बंदुका घेतलेल्या टोळ्या नाहींत, असें म्हणून आपण सुटूं नये. चेंडूच्या सामन्यावरून आपल्या दोन आळ्यांतील मुलांची मारामारी झाली, तेव्हां आम्हां वडीलधाऱ्यांनीं काय केलें? जो तो आपल्या आळीच्या मुलाची बाजू घेऊन दुसऱ्या आळीस नांवें ठेवूं लागला. मुलें वैर आमच्यापासूनच शिकलीं. त्यांतील एक मुलगा त्या दिवसापासून देवळांत आला नाहीं. संध्याकाळीं क्रुसापाशीं आपली जपमाळ चाललेली असतां तो रस्त्यानें जाई. आम्ही त्यास पाहत होतों. प्रार्थनेचा आवाज आम्हीं चढविला, पण त्यास हांक कोणींच मारली नाहीं. आज तो या सभेंत नाहीं.

हा आमचा दोष आम्ही आपणांसमोर कबूल करतों. आतां आमची विनंती एवढीच आहे. देवळामागची जुनी खोली दोन्ही आळ्यांतील मुलांसाठीं उघडावी. तेथें त्यांस उपदेश न करतां आधीं काम द्यावें, हत्यारें द्यावीं, एका बांकावर बसवावें. आणि क्रुसापाशीं जपमाळ चालली असतां एखादा मुलगा मान खालीं घालून जातांना दिसला, तर आपल्यापैकीं एकानें उठून जावें आणि त्यास नांवानें हांक मारावी. तेवढ्यापुरती जपमाळ थांबली तरी पवित्र मरीया माता रागावणार नाहीं; त्याही मुलाची ती आईच आहे.

देव आपल्या सर्व मुलांचें रक्षण करो.