उघड्या दरवाजाचं निशाण



बेलग्रेड शहराच्या झेंड्यावर एक दरवाजा आहे आणि तो उघडा आहे. आजचं माझं बोलणं त्या दरवाजापाशीच घुटमळणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

हा झेंडा म्हणजे शहराच्या ढालचिन्हातलं चित्रच कापडभर पसरलेलं. वर निळं आकाश, त्याखाली पांढरी तटबंदी आणि बुरूज, तटाच्या पायाशी लाल जमीन आणि अगदी खाली लाटांवर एक रोमन गलबत. लाल, निळा, पांढरा हे सर्बियाचे राष्ट्रीय रंग. पांढरा तट म्हणजे शहराचं नावच, कारण ‘बेओग्राद’चा अर्थ पांढरं नगर.

१९३१ साली या चिन्हासाठी स्पर्धा झाली आणि ज्योर्जे आंद्रेयेविच-कुन या तरुण चित्रकाराची रचना निवडली गेली. कुन तेव्हा सत्तावीस वर्षांचा. पुढे सर्बियातल्या बोर गावच्या खाणकामगारांवर त्याने लाकडी ठशांची चित्रमालिका केली, तो स्पेनच्या यादवी युद्धात लढला, युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रचिन्हाच्या घडणीतही त्याचा हात होता. लाकडात कोरणाऱ्याला फापटपसारा परवडत नाही. तो संयम मला या आधीच्या रचनेतही दिसतो. ढालचिन्हांचा जुना दंडकही तेच सांगतो: सोनेरी-रुपेरी हे ‘धातू’, बाकीचे ‘रंग’, रंगावर रंग किंवा धातूवर धातू ठेवू नये. रणांगणात लांबून ओळख पटावी, ही त्यामागची गरज. इथे रुपेरीच्या जागी पांढरा येतो, म्हणून निळ्यावरचा तट दुरूनही उठून दिसतो.

गलबत तीन वल्हेरांगांचं, म्हणजे ट्रायरीम. रोमन काळात इथे सिंगिदुनुम नावाचं ठाणं होतं, चौथ्या फ्लाविया लीजनचा, म्हणजे रोमन सैन्यदलाचा, तळ. डॅन्यूबवरच्या रोमन आरमारात खरं तर हलक्या नावा अधिक असत. पण गावाचं प्राचीनपण एका नजरेत कळावं म्हणून ट्रायरीम घेतली, आणि मला ती निवड पटते.

आता तो दरवाजा. सावा आणि डॅन्यूब यांच्या संगमावर, कालेमेगदानच्या टेकडीवर बेलग्रेडचा किल्ला उभा आहे. या जागेसाठी किती सैन्यं झगडली! १५२१ मध्ये उस्मानी सुलतान सुलेमानाने तो घेतला, १७१७ मध्ये ऑस्ट्रियाचा सेनापती सॅव्हॉयच्या युजीनने. पुढे तो पुन्हा उस्मानींकडे गेला. १८६७ मध्ये उस्मानी पाशाने किल्ल्याच्या किल्ल्या सर्बियाचा राजपुत्र मिहाइलो याच्या हाती दिल्या, तेव्हा कुठे तुर्की फौज निघाली. १९१४ च्या जुलैअखेर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या तोफांनी याच शहरावर मारा केला. नद्यांनी इथे व्यापार आणला, शत्रूही आणला.

एवढं सोसलेल्या गावाने चिन्हावर दरवाजा कसा काढावा? कड्या-कुलपं लावून, असंच कोणीही म्हणेल. १९३१ मध्ये बेलग्रेडने तो उघडा ठेवला. तट व्यापारी नगराचा आणि दरवाजा मुक्त ये-जा करण्याचा, असा त्याचा अधिकृत अर्थ. दुःख मात्र झाकलेलं नाही. तटाखालची लाल जमीन शहराच्या सोसण्याचीच खूण मानतात. निळं आकाश आशेचं. त्या उघड्या दारातून बाहेर पडणाऱ्याचं पाऊल आधी त्या लाल मातीवर पडतं. हे सुचणं मला फार मोठं वाटतं.

चित्र ठरल्यावर दहाच वर्षांनी, ६ एप्रिल १९४१ ला, जर्मन विमानांनी शहर भाजून काढलं आणि राष्ट्रीय ग्रंथालय जळून गेलं. हजारो हस्तलिखितं आणि पुस्तकं त्या आगीत गेली.

शहराचं एक मोठं ढालचिन्हही आहे. त्यात दोन डोक्यांचा पांढरा गरुड आहे आणि शहराला मिळालेली मानपदकं आहेत. फ्रान्सने १९२० मध्ये दिलेलं ‘लेजियाँ द’ऑनर’ त्यातलंच एक. ती पदकं मोलाचीच. पण झेंड्यावर त्यातलं काही घेतलेलं नाही. तिथे तट, माती, नदी, गलबत आणि उघडा दरवाजा एवढंच आहे.