रात्रीची उरलेली भाकरी

सातपुड्याच्या पायथ्याशीं, तापीच्या उत्तरेस पसरलेल्या चोपडा तालुक्यांत गृहिणीच्या काटकसरीची कसोटी सणाच्या पक्वान्नांत लागत नसे; ती लागे रात्रीं उरलेल्या भाकरीवर. टोपलींत फडक्याखालीं झांकून ठेवलेल्या त्या दोन-चार भाकरींचें सकाळीं काय होई, यावरून घराची रीत ओळखूं येई.

खानदेशांतील भाकरी मुख्यत्वें ज्वारीची. ज्वारीबरोबर उडीद दळले म्हणजे ती कळण्याची. तव्यावरून उतरतांना ती मऊ असते. परंतु निवतांना तिच्यांतील पिष्टाचे कण पुनः घट्ट रचले जातात आणि ती कडक होते. शिळेपणा केवळ पाणी उडून गेल्यानें येत नाहीं. म्हणूनच ओलावा व उष्णता हीं दोन्ही पुनः लाभतांच भाकरी पुष्कळशी नरम होते.

हें शास्त्र न वाचतांही गृहिणी नेमकें तसेंच करी. भाकरी हातानें बारीक कुस्करून ती तिच्यावर ताकाचा हबका मारी. मोहरी, कांदा, मिरची व हळद यांच्या फोडणींत तो कुस्करा घालून वर झांकण ठेवी, आणि वाफ येतांच चुलीवरून उतरवी. पोळी उरली, तर गूळ-तूप घालून तिचे लाडू होत.

अशा आठवणी घरोघर कौतुकानें सांगितल्या जातात. त्यांत कुस्कऱ्याची चव असते. शिळें कोणाच्या पानांत पडे, हें मात्र सहसा नसतें. कित्येक घरीं ताजी भाकरी पुरुषांस व मुलांस मिळे, आणि शिळी, तीही फोडणीवांचून, सुनेच्या वाट्यास येई. ती काटकसर घराची नव्हती, एकटीच्या पोटाची होती. उलट जेथें तोच कुस्करा सासऱ्यापासून नातवापर्यंत सर्वांस वाढला जाई, तेथें शिळ्या अन्नासही पदार्थाची प्रतिष्ठा लाभे व कोणाचा मान उणा होत नसे.

महायुद्धाच्या काळांत, १९४३ सालीं, मुंबईंत शिधावाटप सुरू झालें आणि धान्य मोजून मिळूं लागलें. उरल्या घासाचें मोल तेव्हां शहरांतील सुखवस्तु घरांसही कळलें.

आज घरोघरीं शीतकपाट आलें आहे. त्याच्या गारव्यांत भाकरी काय, पाव काय, अधिकच लवकर कडक होतो. बुरशी तेवढी उशिरा धरते. बुरशी आलेला तुकडा मात्र खरवडून खाऊं नये. तो टाकूनच द्यावा.

उरलेलें अन्न वाया न जाऊं देणें हें एकट्या गृहिणीचें कर्तव्य मानलें गेलें. तें वांटून खाणें हें साऱ्या घराचें कर्तव्य आहे.