एकटीचे तिकीट
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत आरोग्य, बालसंगोपन किंवा एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असा विषय असावा, अशी आपली वहिवाट आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला बोटीच्या भाड्यावर बोलावयास सांगितले, तेव्हा काही जणींना हसू आले असेल. पण विषय त्यांनी उगीच निवडलेला नाही. गेल्या वर्षभरात आपल्याच मंडळातल्या तीन भगिनींनी मला एकच प्रश्न विचारला. त्यांपैकी एकीचे यजमान चार वर्षांपूर्वी वारले. दुसरीने लग्न केलेले नाही. आणि तिसरीचे यजमान सुखरूप आहेत, पण त्यांना पाण्याची भीती वाटते! तिघींनाही समुद्रावरची सहल, जिला हल्ली सगळे 'क्रूझ' म्हणतात, ती करावयाची आहे. तिघींपाशी बेताचे का होईना, स्वतःचे पैसे आहेत. आणि तिघींनाही एकाच जागी ठेच लागली. जाहिरातीत भाडे माणशी ६०,००० रुपये; पण "मी एकटीच येणार" असे म्हणताच टेबलापलीकडचा तरुण म्हणाला, "मग एक लाख वीस हजार होतील, काकू."

ही फसवणूक आहे का? नाही. पण ते दुप्पट कसे होतात हे समजून घेतल्यावाचून पैसे भरू नयेत, आणि रागावून परतही येऊ नये.

पूर्वीच्या प्रवासी बोटींवर बहुतेकांना बिछान्याचे, म्हणजे बर्थचे भाडे पडे. एका खोलीत चार-सहा बर्थ असत आणि एकट्या बाईला इतर बायकांबरोबर जागा देत. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्या अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. गोपाळराव मागे राहिले होते आणि सोबत मिशनरी ओळखीच्या बायकांची होती. आजची क्रूझची बोट मात्र बिछाना विकत नाही, खोली विकते. खोली दोघांची धरलेली असते, आणि जाहिरातीत छापतात ते त्या खोलीच्या भाड्याचे अर्धे. आपण एकट्या गेलो की उरलेल्या अर्ध्याचे काय, हा प्रश्न उभा राहतो. ते अर्धे, किंवा त्याचा काही भाग, आपल्याकडून घेतात त्याला 'सिंगल सप्लिमेंट' म्हणतात. शिवाय कंपनीचा नफा नुसत्या भाड्यावर नसतो. पेये, बंदरावरच्या सहली, दुकाने, छायाचित्रे यांवर प्रवासी जे खर्च करतात त्यातूनही तिला बरीच मिळकत होते, आणि रिकामा बिछाना काही सरबत मागवीत नाही. कंपनीचा हिशेब तिच्या बाजूने बरोबर आहे. तो जाहिरातीत मोठ्या अक्षरांत का छापीत नाहीत, एवढेच मला विचारावेसे वाटते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही जादा रक्कम टक्क्यांत सांगतात, आणि सांगण्याच्या दोन तऱ्हा आहेत. कोणी म्हणतो "शंभर टक्के जादा", कोणी म्हणतो "दोनशे टक्के भाडे". दोन्हींचा अर्थ एकच, दुप्पट. पण "दीडशे टक्के भाडे" म्हणजे दीडपट, आणि "दीडशे टक्के जादा" म्हणजे अडीचपट! तेव्हा टक्के ऐकून मान डोलवू नका. "माझ्या एकटीचा सर्व मिळून आकडा कागदावर लिहून द्या," असे सांगा.

आता भाडी का चढली ते पाहू. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे जगभरच्या या बोटी बंद पडल्या, आणि २०२१ च्या मध्यापासून त्या हळूहळू पुन्हा सुरू झाल्या. २०१९ साली या बोटींनी २ कोटी ९७ लाख लोकांनी प्रवास केला होता. २०२४ साली तो आकडा ३ कोटी ४६ लाखांवर गेला. मोठ्या कंपन्यांच्या बोटी आता शंभर टक्क्यांहून अधिक भरतात. हे ऐकून नवल वाटेल, पण खोलीमागे दोन माणसे धरून शंभर टक्के मोजतात. तिसऱ्या-चौथ्या बिछान्यावर मुले आली की आकडा शंभराच्या वर जातो. पूर्वी बोट सुटण्याच्या सुमारास खोल्या रिकाम्या दिसल्या की कंपनी एकट्या प्रवाशाची जादा रक्कम कमी करी, कधी माफही करी. पण खोलीत आई, वडील आणि दोन मुले यावयास तयार असतील, तर ती एकटीला सवलतीत कोण देईल? भाडे तर चढलेच, पण एकट्यांची सवलत आटली, हा खरा फटका आहे.

त्यात करांची भर. ग्रीसने १ जुलै २०२५ पासून बोटीने येणाऱ्या प्रवाशांवर कर बसविला. सांतोरिनी आणि मिकोनोस या बेटांवर भर हंगामात तो माणशी २० युरो आहे. युरोपच्या बंदरांत येणाऱ्या मोठ्या बोटींना धुराचेही पैसे भरावे लागतात: २०२४ च्या धुरापैकी ४० टक्क्यांचे, २०२५ च्या ७० टक्क्यांचे आणि २०२६ पासून सगळ्याचे. हा खर्च शेवटी तिकिटातच येतो. आणि आपल्यासाठी सगळ्यांत मोठे कारण म्हणजे रुपया. २०१० साली ४५-४६ रुपयांना मिळणारा डॉलर २०२२ साली ८० च्या पुढे गेला. तिकडे भाडे तेवढेच राहिले असते तरी आपल्याला ते चढलेलेच दिसले असते.

आता वही-पेन्सिल घेतलेल्या भगिनींनी पुढचे आकडे उतरून घ्यावेत. हे मी समजुतीसाठी घेतले आहेत, कोणत्याही कंपनीचे नव्हेत. सात रात्रींची बोट आहे. भाडे माणशी ६०,०००. बंदरांचे कर १२,०००. नोकरवर्गाची बक्षिशी, जी बऱ्याच कंपन्या माणशी रोज १६ ते २० डॉलरच्या आसपास बिलातच लावतात, ती ११,०००. विमान ६५,०००. व्हिसा आणि विमा १५,०००. बोटीच्या आदल्या रात्री हॉटेलची खोली १२,०००. दोघी गेल्या तर हॉटेल निम्मे होऊन माणशी १,६९,००० पडतात. एकटी गेली आणि बोटीचे भाडे दुप्पट पडले, तर २,३५,०००. म्हणजे खर्च दुप्पट झाला का? नाही. ६६,००० वाढला, सुमारे ३९ टक्के. जादा रक्कम निम्मीच असेल, तर २,०५,०००, म्हणजे सुमारे २१ टक्के वाढ. विमान, व्हिसा, कर, बक्षिशी ही एकटीला एकदाच पडतात. (बिलात बंदराचे कर दोन माणसांचे लागले नाहीत ना, हे जरूर पाहावे.) जमिनीवरच्या हॉटेलातही आपण एकट्या राहिलो तर खोलीचे पूर्ण भाडे देतोच; तेथे ते आपल्याला दंडासारखे वाटत नाही, कारण तेथे कोणी अर्धे भाडे छापून दाखवीत नाही. तेव्हा प्रश्न "दुप्पट का?" असा नसून "या सहलीसाठी आणखी ६६,००० मला परवडतात का, आणि द्यावेसे वाटतात का?" असा आहे. उत्तर 'नाही' आले तरी चालेल, पण ते या आकड्यावर यावे.

एकट्यांसाठी बांधलेल्या खोल्याही असतात. 'नॉर्वेजियन एपिक' ही बोट २०१० साली निघाली तिच्यात अशा १२८ खोल्या होत्या, प्रत्येकी सुमारे १०० चौरस फुटांच्या, आणि त्या प्रवाशांना एकत्र बसावयास एक दिवाणखाना. 'क्वीन मेरी २' वर २०१६ साली एकट्यांच्या १५ खोल्या नव्याने बांधल्या. अडीच हजारांहून अधिक प्रवाशांच्या बोटीवर पंधरा! यावरून समजावे की त्या किती लवकर संपत असतील. त्या नेहमीच स्वस्त असतात असेही नाही. खिडकी नसलेली दोघांची खोली दुप्पट भाड्याने घेणे कधी कधी त्यांच्याहून कमी पडते. दोन्ही आकडे मागवावेत.

मग तिकीट केव्हा काढावे? जानेवारी ते मार्च हा कंपन्यांचा विक्रीचा हंगाम; सवलती तेव्हा निघतात. पण "अगदी शेवटी थांबा, स्वस्त मिळेल" हा सल्ला पुष्कळ जण देतात, तो आपल्यासाठी नव्हे. तो फ्लोरिडात किंवा साउदम्प्टनला बंदराजवळ राहणाऱ्यासाठी आहे. पेटी भरली, मोटार काढली, बोटीवर चढला. पार्ल्यातल्या बाईला आधी व्हिसा पाहिजे. युरोपच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्यात मुलाखतीची तारीखच आठवडे मिळत नाही. बोट मध्येच इंग्लंडच्या बंदराला लागत असेल तर त्याचा व्हिसा निराळा. शेंगेनच्या हद्दीबाहेर जाऊन ती परत आत येत असेल, तर व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा लागतो. हे सगळे तीन आठवड्यांत होत नाही.

म्हणून एकटीने लवकर जागा धरावी, पण ती परत मिळणारी अनामत भरून. काही भाडी स्वस्त असतात, पण त्यांची अनामत परत मिळत नाही. तो फरक विचारून घ्यावा. उरलेली रक्कम भरण्याची तारीख बहुधा बोट सुटण्यापूर्वी तीन ते चार महिन्यांवर असते. त्या तारखेपर्यंत भाडे उतरले तर फरक देता का, हेही विचारावे. काही कंपन्या देतात, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. त्या तारखेनंतर मात्र तिकीट रद्द केले तर कापून घेतात, आणि एकटीने दोन बिछान्यांचे पैसे भरलेले असल्यामुळे तिचे नुकसान मोठे होते. विम्यात यावर कुचराई नको. बोटीवरचा डॉक्टर फार महाग असतो, हे आणखी एक कारण. परदेशी सहलीच्या बिलावर येथे जो कर गोळा करतात तो मात्र बुडत नाही. प्राप्तिकराच्या हिशेबात वळता होतो. पावती जपून ठेवावी.

खर्च कमी करण्याचा माझ्या मते उत्तम मार्ग म्हणजे हंगामाच्या कडेला जाणे. नॉर्वेला जुलैऐवजी मेमध्ये किंवा सप्टेंबरात, भूमध्य समुद्रावर एप्रिलात किंवा नोव्हेंबरात. शाळा चालू असतात, तिसऱ्या-चौथ्या बिछान्यावर मुले येत नाहीत, आणि कंपनीला एकटी बाई पुन्हा आवडू लागते!

दुसरा मार्ग, खोलीत जोडीदारीण. 'फक्त महिलांसाठी' निघणाऱ्या सहलींत सहल-कंपनी अनोळखी दोघींची जोडी लावून देते, आणि पुष्कळ जणींना त्यातून जन्माच्या मैत्रिणी मिळाल्या आहेत. एकच विचारावे: जोडीदारीण मिळाली नाही, किंवा तिने आयत्या वेळी रद्द केले, तर फरक कोणी भरावयाचा? उत्तर लेखी घ्यावे. आणि ओळखीच्या बाईबरोबर जावयाचे असेल, तर आधी दोघींनी चार दिवस महाबळेश्वरला काढून पाहावे. घोरणे, पहाटे पाचला दिवा लावणे, स्नानगृहात तासभर बसणे, या गोष्टी भजनाच्या वर्गात कळत नाहीत. बोटीवरची खोली आपल्या स्वयंपाकघराएवढी असते.

आता त्या तिघींविषयी. जिचे यजमान पाण्याला भितात तिला मी मुंबईहून गोव्याला जाणारी दोन-तीन रात्रींची बोट सुचविली. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीच्या बोटी येथून निघू लागल्या आहेत. देशातल्या देशात असल्याने व्हिसा नाही, विमान नाही, आणि आपल्याला बोट लागते की नाही हेही स्वस्तात कळते. त्याआधी, २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' ही मुंबई-गोवा बोट निघाली होती. तिच्यात एकेकाला आपापला बिछाना मिळण्याची सोय होती. ती पुढे बंद पडली, याची मला हळहळ वाटते. एकट्या माणसाला पुन्हा बिछान्याच्या भावाने भाडे मिळाले होते. अविवाहित भगिनी शिक्षिका आहेत आणि त्यांना सुटी मेमध्येच मिळते. त्यांनी एकट्यांची खोली अकरा महिने आधी धरली आहे.

राहिल्या त्या विधवा भगिनी. त्यांना नॉर्वेचे डोंगर आणि खाड्या पाहावयाच्या आहेत. यजमानांबरोबर जाण्याचे ठरले होते, ते राहिले. गेली दोन वर्षे त्या भाचीला रजा मिळण्याची वाट पाहत आहेत. मुलगा म्हणतो, "आई, एवढ्या पैशांत दोघे जाऊन आले असते." खरे आहे. पण दुसरे कोण? भाचीची रजा पुढच्या वर्षीही नक्की नाही, भाडे दोन वर्षांत चढलेच आहे, आणि त्यांचे गुडघे काही तरुण होत नाहीत. मी त्यांना वर सांगितलेला हिशेब त्यांच्या आकड्यांनी मांडून दाखविला. त्यांनी तो मुलाला दाखविला. तो गप्प झाला, असे त्यांनी सांगितले; राजी झाला की नाही ते अजून कळलेले नाही. अनामत मात्र त्यांनी स्वतःच्या पासबुकातून भरली आहे, सप्टेंबरच्या बोटीची, दीडपट भाड्याने. उरलेली रक्कम भरावयाच्या तारखेपर्यंत मन बदलले तर पैसे परत आहेत.

चिटणीसबाईंनी आजपासून एक वही ठेवली आहे. कोणाला कोठे, कोणत्या महिन्यात जावयाचे आहे आणि खोलीत जोडीदारीण हवी की नको, हे त्यात लिहावे. पहिल्या पानावर दोन नावे आलीच आहेत. वही वाचनालयाच्या टेबलावर आहे; पेन मात्र आपले आणावे.